दारातील पाठमोरी व्यक्ती

“काका, हा माणूस अगदी तुमच्यासारखा उभा राहिलाय हो!” शेजारच्या खुर्चीवरून धाकटी परीक्षक म्हणाली आणि आपल्याच विनोदावर हसली. पडद्यावर एका घरातला लांबट पॅसेज होता. पॅसेजच्या टोकाला उघडे दार, दारातून येणारा पिवळा उजेड, आणि त्या उजेडात पाठमोरा उभा असलेला एक पुरुष. उजवा हात चौकटीवर उंच टेकलेला, शरीराचा भार डाव्या पायावर, मान किंचित पुढे. जणू आत कोणी फार हळू बोलत आहे आणि ते त्याला नीट ऐकू येत नाही. थोरल्या परीक्षकाने चष्मा वर सारला आणि “पुढे चालव,” एवढेच म्हटले. धाकटीने पुढे चालवले. परंतु तो स्वतः पुढे गेला नाही. तिचे म्हणणे खरे की खोटे, हे आपल्याला सांगता येत नाही, ही गोष्ट त्याला बारीक कुसळासारखी टोचली. आपला चेहरा माणूस ओळखतो, अक्षर ओळखतो, फार काय, ध्वनिमुद्रणातला आपला परका वाटणारा आवाजही दोन-चार वेळा ऐकून ओळखू लागतो. पाठ मात्र आयुष्यभर आपल्याबरोबर असूनही दुसऱ्यांच्याच मालकीची राहते. ती ज्यांनी पाहिली त्यांची.

त्याचा व्यवसाय पाहण्याचा होता, खेळण्याचा नव्हे. व्हिडिओ गेम बाजारात जाण्यापूर्वी त्याच्यावर वयाचा आकडा छापावा लागतो: सात, बारा, सोळा किंवा अठरा. तो आकडा ठरवणाऱ्या कार्यालयात त्याला इतकी वर्षे झाली होती की खुर्चीच्या हातांवरचे रेक्झिन त्याच्या कोपरांच्या आकाराचे झाले होते. कंपनीने आपल्या गेममधले सर्वांत उग्र प्रसंग स्वतःच निवडायचे, त्यांचे रेकॉर्डिंग पाठवायचे, आणि परीक्षकांनी तेवढेच पाहून वय ठरवायचे, अशी पद्धत होती. एकेक गेम संपूर्ण खेळत बसायचे तर एक जन्म पुरला नसता. त्यामुळे असंख्य गेममधले खून, मारहाण, शिव्या आणि जळती घरे त्याने पाहिली होती. पण त्याच गेममध्ये म्हणे तासन्तास नुसते भटकता येते, नदीकाठी बसता येते, घोड्याला पाणी पाजता येते, ते त्याने कधीही पाहिले नव्हते. लग्नाला जाऊन फक्त मानापमानाची भांडणे पाहून परत यावे, तसे. कार्यालयात त्याला ‘सोळाकाका’ म्हणत. “काकांना पाळणा दाखवा, पडण्याचा संभव म्हणून सोळा देतील,” असे धाकटीने एकदा सर्वांसमोर म्हटले होते आणि तोही हसला होता, कारण त्यात तथ्य होते. तंत्रनिकेतनातून बाहेर पडल्यावर तो आधी एका कारखान्यात तपासणीला होता. तिथे भोकाचा व्यास तपासण्यासाठी दोन टोकांचे मापक असे. एक टोक भोकात गेलेच पाहिजे, दुसरे जाताच कामा नये. वादाला जागा नाही, दयामायेला नाही. पुढे या कार्यालयात आल्यावरही नियमांची पुस्तिका त्याने तशीच हातात धरली. मेलेले शरीर लगेच नाहीसे होत असेल तर बारा, पडून राहत असेल तर सोळा. मरणाऱ्याच्या वेदना दिसत नसतील तर बारा, दिसत असतील तर सोळा. धोका येऊन टळत असेल तर बारा. टळतच नसेल, मुलाला त्यातून सुटकाच नसेल, तर सोळा. आणि जे पडद्यावर दिसत नाही, ते मोजायचे नाही.

आजचे रेकॉर्डिंग लहान होते. रक्त नव्हते, शिवी नव्हती. खेळणारा एका लहान मुलीच्या डोळ्यांनी ते घर पाहत होता. दिवस मावळला की ती पॅसेजमधून दाराकडे निघे. आतून खोकला ऐकू येई, भांडे स्टुलावर ठेवल्याचा आवाज येई, आणि मग एक कण्हणे, ज्यात एखादे नाव असावे असे वाटे. मुलगी जवळ जाई. पाठमोरा माणूस हलत नसे. कितीही बटणे दाबली तरी ती त्याच्या बाजूने आत जाऊ शकत नसे. हळूहळू पडद्याच्या कडा काळ्या होत आणि ती पुन्हा आपल्या खोलीत अंथरुणावर असे. पुन्हा संध्याकाळ. पुन्हा दार. “अंगावर काटा येतो,” धाकटी म्हणाली, “आणि बघा ना, दाखवलं तर काहीच नाही.” त्याचे लक्ष आपल्या उजव्या हाताकडे गेले होते.

घरी जाताना तो एका तयार कपड्यांच्या दुकानात शिरला. एक सदरा उचलला, मापाकडे न बघता, आणि आतल्या चिंचोळ्या खोलीत गेला. तिथे समोर एक आणि मागे एक असे दोन आरसे होते. त्याने सदरा खुंटीला टांगला, खोलीच्या कडेला उजवा हात उंच टेकवला, डाव्या पायावर भार दिला आणि मान थोडी पुढे काढली. मग डोळ्यांच्या कोपऱ्यातून, चोरट्यासारखे, त्याने समोरच्या आरशातून मागच्या आरशात पाहिले. तो तिथे उभा होता. आरशातल्या आरशात, त्याच्यामागे आणखी एक, त्याच्यामागे आणखी एक, एकामागून एक दारे अडवून उभे असलेले. उजवा खांदा डाव्यापेक्षा वर होता; तंत्रनिकेतनात ड्रॉइंगच्या फळ्यावर वाकून वाकून आलेली ती खोड, जिच्याबद्दल पत्नी नेहमी म्हणे, “अहो, सरळ उभे राहा, कोणी तरी टांगून ठेवल्यासारखे दिसता.” पडद्यावरच्या माणसाचा उजवा खांदा वर होता. “झालं का हो, काका?” बाहेरून विक्रेत्याने दार वाजवले. “मागून ताणत असेल तर मोठ्या मापाचा देतो.” तो म्हणाला, “नाही, बरोबर बसतो आहे.” आणि त्याने तो सदरा खरेच विकत घेतला, कारण न घेता बाहेर पडणे त्याला फसवणुकीसारखे वाटले.

रस्त्याने चालताना त्याच्यापुढे चालणाऱ्या सगळ्यांच्या पाठी त्याला दिसत होत्या, आणि आपल्यामागून येणाऱ्यांना आपली दिसत असणार, हे पहिल्यांदाच जाणवत होते. त्या घरातल्या त्या दारात, म्हणजे स्वतःच्याच घरात, तो खरोखरच उभा राहिला होता. पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. घरात काय दिसावे आणि काय दिसू नये, याचा सगळा कारभार तोवर त्याच्याकडेच होता, मुलीच्या हाती पडण्याआधी वर्तमानपत्रात खिडक्या पडलेल्या असत, आणि पत्नी हसून म्हणे, “कात्री सापडली नाही की समजावं, आज जगात काहीतरी वाईट घडलंय.” तो तिचा विनोद होता, पण अभिमानही होता, आपला नवरा डोळ्यांत तेल घालून पोरीला जपतो, असे ती बहिणीला सांगत असे. मग दुखणे आले, आणि ज्याला कात्री लावता येत नाही असे काहीतरी घराच्या आतच राहायला आले. गालफडे बसली, दातांवरचे ओठ मागे ओढले गेले, झोपेतही पापण्या पुरत्या मिटेनात. तो रोज संध्याकाळी कामावरून येई, हातपाय धुई आणि दारात उभा राही. आत जायचे त्याला धैर्य होत नव्हते की मागून पॅसेजमधून येणाऱ्या छोट्या पावलांना आडोसा करायचा होता, हे त्याने तेव्हा स्वतःला विचारले नाही. दोन्ही कामे एकाच उभे राहण्याने भागत होती. पावले वाजली की तो न वळता म्हणे, “वय नाही तुझं हे बघायचं. जा, अभ्यास कर.” पावले थोडा वेळ थांबत. मग जात. खोलीतून पत्नी म्हणे, “येऊ द्या ना तिला.” तो म्हणे, “उद्या. उद्या जरा बरं वाटू दे तुला.” एकदा ती म्हणाली, “तुमचा उद्या कितव्या वर्षी येतो हो?” आणि हसायला गेली आणि तिला ठसका लागला.

गेली तेव्हा दुपार होती आणि मुलगी शाळेत होती. त्याने तिला शेजारणीकडे परस्पर ठेवून घ्यायला सांगितले. संध्याकाळी ती घरी आली तोवर सर्व उरकले होते. गादी बाहेर, खिडक्या उघड्या, फरशी फिनेलने पुसलेली, औषधाची एक बाटलीसुद्धा कुठे नाही. ती दाराशी गेली. दारात त्या दिवशी कोणी नव्हते. तिने आत पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मग वळून त्याच्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते. मुलीला काही दिसले नाही, तिला वाईट स्वप्ने पडणार नाहीत, असा त्या वेळी त्याला एक प्रकारचा दिलासा वाटला होता. दिवसभराच्या त्या काळोखात आपण एक काम तरी चोख केले, असा दिलासा. अजूनही ते चूक होते असे त्याला ठामपणे म्हणता येत नव्हते. जे त्याने पाहिले होते ते त्याच्या आत होते. ते दुसऱ्या कोणाच्या आत असावे, असे शत्रूच्याही बाबतीत त्याच्या मनात आले नसते. मुलगी मात्र त्यानंतर त्याच्याशी बोलायची ती विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देण्यापुरती, आणि शिक्षण संपताच दुसऱ्या शहरात, मावशीच्या जवळ राहायला गेली. भांडण झाले नाही. भांडण झाले असते तर मिटवायला काहीतरी हाती लागले असते.

त्याने मेव्हणीला फोन लावला. “कोण, भाऊजी? आज सूर्य पश्चिमेला उगवला म्हणायचा!” “सहज केला,” तो म्हणाला. “सहज कोणी मेव्हणीला फोन करत नाही. बोला, तब्येत बरी आहे ना?” तब्येत, पाऊस, तिच्या गुडघ्यांचे दुखणे, एवढे झाल्यावर त्याने विचारले, “ती हल्ली काय करते?” “तुमची मुलगी, आणि मला विचारता? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, भाऊजी? कळलंय तुम्हाला काहीतरी.” “काही नाही कळलं.” “गेम करतेय. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी, तिघींनी मिळून कंपनी काढलीये. ताईचं आजारपण आहे त्यात. ज्यांच्या घरात असं मोठं दुखणं आहे ना, त्या पोरांसाठी. इस्पितळांमधून फुकट देणार आहेत म्हणे. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण पोर रात्रंदिवस खपतेय. तुम्हाला सांगू नको म्हणाली होती.” “का?” “ते आधी वय विचारतील, म्हणाली.” त्याला वाटले आपण हसावे, तसा तो हसलाही. मग म्हणाला, “त्यात मी आहे का?” “आता ते मला काय माहीत! तुम्हीच विचारा की. बापलेकीच्या मध्ये मी किती वर्षं टपाल वाटायचं?”

नियम स्पष्ट होता. नात्यातल्या माणसाचे काम टेबलावर आले तर तसे कळवायचे आणि बाजूला व्हायचे. त्याने कळवले नाही; आयुष्यात मोडलेला तो पहिला नियम. तो बाजूला झाला असता तर ते रेकॉर्डिंग दुसऱ्या कोणाकडे गेले असते आणि त्याला पुन्हा दिसले नसते. आणि आता त्याला एकच गोष्ट हवी होती. जे आले होते ते सर्वांत उग्र तेवढेच निवडून आले होते. याचाच अर्थ, बाकीच्या गेममध्ये, त्याला न दाखवलेल्या त्या मोठ्या भागात, दुसरे काहीतरी असणार. कुठेतरी त्या गेममध्ये तो माणूस त्या मुलीला खांद्यावर घेत असेल. तिला कंपासने वर्तुळात फूल काढायला त्यानेच शिकवले होते. सहा पाकळ्यांचे फूल, कंपासचे टोक न हलवता. ते असेल. आणि कुठल्यातरी एका संध्याकाळी तो दारातून बाजूला होत असेल. तशी एक संध्याकाळ प्रत्यक्षातही होऊन गेली असावी असे त्याला आता अंधूक आठवू लागले. त्याने हात खाली घेतला होता आणि मुलगी त्याच्या बाजूने आत डोकावली होती. ते खरेच घडले होते, की आता घडावेसे वाटत होते? आठवण त्याने उलटसुलट करून तपासली. मापकाचे एक टोक तिच्यात जात होते आणि जाऊ नये ते दुसरेही जात होते. असे माप कारखान्यात बाद झाले असते. शेवटी त्याने पद्धतीत जी सोय होती ती वापरली. परीक्षकाला संदर्भ कळला नाही तर कंपनीला लेखी विचारता येते. त्याने विचारले: ‘दारातील पाठमोरी व्यक्ती गेममध्ये अन्यत्र कोणती कृती करते?’

उत्तर दोन दिवसांत आले. खाली कंपनीचा शिक्का होता, नाव नव्हते. पण वाक्ये आखूड होती, विशेषणे नव्हती. निबंध असाच लिहावा, हे त्याने स्वतः तिला शिकवले होते. ‘सदर व्यक्ती अन्यत्र येत नाही. ती कोणतीही कृती करत नाही. खेळाडूला तिला बाजूला करता येत नाही.’ त्याने ते पुन्हा वाचले. वयोगटाबाबत कंपनीची अपेक्षा बारा अशी लिहिली होती. म्हणजे तिच्या तेव्हाच्या वयापेक्षाही एक वर्ष वरची. ती नियमांच्या बाहेर काहीच मागत नव्हती.

बैठकीला विभागप्रमुख बाई, धाकटी आणि तो, असे तिघेच होते. बाईंना दुसरीकडे जायचे होते. “यात काय आहे एवढं? बारा देऊन मोकळे व्हा,” त्या म्हणाल्या. “काका सोळा म्हणतायत,” धाकटी म्हणाली. “अहो काका, मुलांसाठी केलंय त्यांनी, अर्जातच लिहिलंय. सोळा दिलं तर इस्पितळात लहान मुलांच्या हातात पडणारच नाही ते. मग उपयोग काय?” तो म्हणाला, “सतत धोका आहे. तो टळत नाही. मुलाला सुटका नाही. पुस्तिकेत सोळा आहे.” “धोका कसला? तो राक्षस थोडाच आहे? बाप आहे तो तिचा!” “बाप आहे असं पडद्यावर कुठे दिसतं?” त्याने विचारले. “दिसत नाही,” धाकटी म्हणाली, “पण कळतं की!” “कळतं ते आपण मोजत नाही.” बाईंनी घड्याळाकडे पाहिले. “सोळाकाका आज फारच रंगात आहेत. द्या बाई सोळा. पण कारण नीट लिहा, नाहीतर अपील करतील.” खोलीतून बाहेर पडताना धाकटी त्याच्याकडे न बघता म्हणाली, “तुम्हाला मुलं नाहीत का हो, काका?” मग लगेच, “सॉरी, चुकून बोलले.” तो म्हणाला, “आहे एक. मुलगी.” “मग?” तो आपल्या टेबलाकडे वळला. बारा देणे म्हणजे आपल्या माणसावर मेहेरबानी झाली असती, आणि मेहेरबानी करण्यासाठी आधी ‘ही माझी’ असे म्हणावे लागते. शिवाय, आणि हे त्याने बैठकीत कोणालाच सांगितले नव्हते, सोळा दिल्याखेरीज त्याला कारण लिहिता आले नसते.

कारण लिहिण्याची एक रीत होती. आकडा कोणत्या घटकामुळे चढला ते नेमके सांगायचे आणि कोणत्या उपायांनी तो उतरू शकेल तेही सुचवायचे, म्हणजे कंपनीला बदल करून पुन्हा येता येते. त्याने सकाळभर ते चार ओळींचे टिपण लिहिले. ‘वयोगट वाढविणारा घटक: दारातील पाठमोरी व्यक्ती. सदर व्यक्तीने एकदा तरी वळून पाहिल्यास धोक्याची तीव्रता कमी होईल. सदर व्यक्तीने बाजूला होऊन वाट दिल्यास ती लक्षणीयरीत्या कमी होईल.’ आयुष्यात कोणाकडे त्याने काही मागितले नव्हते, आणि आता मागत होता ते सरकारी भाषेत, शिक्क्याखाली, जिथे कोणाला ते मागणे आहे असे वाटणार नव्हते. तिला मात्र वाटेल. नक्की वाटेल, त्या आखूड वाक्यांच्या पोरीला दोन ओळींमधले न कळायला काय झाले! मग हाताच्या सवयीने त्याने तिसरे वाक्य लिहिले, जे अशा प्रत्येक टिपणाच्या शेवटी असते आणि ज्याशिवाय टिपण अपुरे समजले जाते. ‘अथवा सदर घटक वगळावा.’ ते त्याने लिहिले तेव्हा त्याला काहीच वाटले नाही. ते वाक्य त्याने हजारदा लिहिले होते. कुत्र्यांबद्दल, सुऱ्यांबद्दल, रक्ताच्या डागांबद्दल.

वाट पाहण्याचे दिवस सुरू झाले आणि ते, कबूल करायचे तर, पुष्कळ वर्षांतले त्याचे सर्वांत जिवंत दिवस होते. तिला आता त्याला हलवावे लागणार होते. माणूस वळवायचा म्हणजे नुसती पाठ पुरत नाही. चेहरा लागतो, आणि चेहरा काढायचा तर तो आठवावा लागतो. तिला आठवत असेल तो तेव्हाचा, मिशी असलेला. की ती आताचा काढील? तो दाढी काळजीपूर्वक करू लागला. आरशासमोर उभे राहून, उजवा हात वर टेकवून, तो हळूच वळून पाही, आणि वळल्यावर चेहऱ्यावर काय असावे हे त्याला ठरवता येत नसे. अपराध? तो जरा नाटकी दिसे. माया? ती त्याच्या चेहऱ्यावर कधी बाहेर आलीच नव्हती, आता कुठून आणायची? एका दुपारी त्याने मोबाइलवर तिला लिहिले, ‘चेहऱ्यासाठी जुना फोटो लागला तर माझ्याकडे आहे,’ आणि पाठवण्याआधी पुसून टाकले. परीक्षकाने कंपनीशी परभारे संपर्क ठेवायचा नसतो. रस्त्यात, बँकेत, जिन्यात तो लोकांना वाट देऊ लागला. दारात कोणी आले की पटकन भिंतीला चिकटून उभा राही. “काका, तुम्ही आधी,” असे लोक म्हणत, आणि तो म्हणे, “नाही, तुम्ही जा ना, जा.” त्याला त्यात एक प्रकारचा सराव केल्याचे समाधान वाटे.

सुधारित रेकॉर्डिंग आले तेव्हा धाकटीने खोलीतले दिवे मालवले. पॅसेज आला. पिवळा उजेड आला. दार आले. दारात कोणी नव्हते. क्षणभर त्याला वाटले की तो येईल, आतून येईल, आणि तिला हाताला धरून नेईल. म्हणून तो खुर्चीत पुढे सरकला. मुलगी चालत राहिली. तिला कोणी थांबवले नाही. उंबरठा आला आणि गेला. खोलीत खिडकीशी पलंग होता आणि पलंगावर आई बसली होती. ताठ, गुटगुटीत म्हणावी अशा गालांची, केस विंचरलेली, आजारपणाच्या किती आधीची. मावशीच्या घरी भिंतीवर असलेल्या फोटोतली. दुसरी कुठून आणणार होती ती? दुसरी तिला माहीतच नव्हती. दुसरी फक्त एकाच माणसाने पाहिली होती, आणि त्याला कोणी विचारले नव्हते. “ये,” पडद्यावरची आई म्हणाली. आवाज अनोळखी बाईचा होता, बहुधा मैत्रिणींपैकी एकीचा. मुलगी तिच्या मांडीवर डोके ठेवून पडली आणि खिडकीतला उजेड हळूहळू वाढत गेला. कुठेही खोकला नव्हता. धाकटीने नाक पुसले. “किती छान झालंय ना, काका? तुमच्या एका टिपणाने सगळं बदलून टाकलं बघा. उगाच बोलले मी तुम्हाला त्या दिवशी.” तो म्हणाला, “हं.” “आता बारा कशाला, साताला पण चालेल. काय?” त्याने मनात पुस्तिका चाळली. धोका नाही. वेदना नाही. मृत्यू नाही. ते घर आता कोणत्याही वयाच्या मुलाला दाखवण्यासारखे झाले होते. “चालेल,” तो म्हणाला.

आता एकच काम उरले होते. वगळलेला घटक कुठेही शिल्लक नाही, अशी खात्री परीक्षकाने स्वतः चित्रागणिक करून घ्यावी लागते. घाईत काम करणाऱ्या कंपन्या माणूस काढतात आणि त्याची सावली विसरतात, किंवा काचेतले प्रतिबिंब, किंवा नुसतेच पावलांचे आवाज. धाकटी म्हणाली, “मी करते, तुम्ही जा.” तो म्हणाला, “नको, मी बघतो.” ती गेल्यावर त्याने जुने रेकॉर्डिंग डाव्या पडद्यावर आणि नवे उजव्या पडद्यावर लावले आणि एकेक चित्र पुढे सरकवू लागला. इतक्या काळजीने त्याने आजवर काहीच तपासले नव्हते. डावीकडे त्याच्या पायांशी लांब सावली होती. उजवीकडे त्या जागी फरशी होती. डावीकडे भिंतीवरच्या तसबिरीच्या काचेत खांद्याचा एक कोपरा होता. उजवीकडे काचेत खिडकी होती. त्याने उजेड वाढवून पाहिला, आवाज चढवून ऐकला, चौकटीवर, जिथे हात टेकलेला होता तिथे, रंग किंचित गडद राहिला आहे का, हे जवळ जाऊन पाहिले. राहिला नव्हता. माणूस काढल्यावर दारातून येणारा उजेड पॅसेजमध्ये वेगळा पडतो, भिंतींवर अधिक दूरपर्यंत जातो, छताच्या कडेला हलका उमटतो. हे सर्व नव्याने, पायापासून मोजून काढावे लागते, आणि आळशी माणूस ते करत नाही. मुलीने ते केले होते. त्या घरात त्या दारात कोणी कधीच उभे नव्हते, अशाच रीतीने तिथे उजेड पडला होता. काम चोख होते. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. त्याने पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहिले, आणि मग प्रमाणपत्रावर लिहिले, ‘सदर घटक पूर्णपणे वगळण्यात आला आहे,’ आणि खाली सही केली.